पाचच्या आत कळवायचं होतं

—नाही नाही, बोलू नका ताई, धागा हलतो. पापणी ताणून धरा, तश्शीच. तर काय सांगत होते? हां, हे गाणं वाजतंय ना, ही आमच्या कन्यारत्नाची शाळा. कॉलेजात फी भरून इंग्रजीत काठावर पास आणि इथं टॉवेल धुता धुता कोरियन! दोन ओळी कोरियन, तिसरी इंग्रजी, मधे ‘बेबी बेबी’ – ते दोन्हीकडे चालतं म्हणे. वही केलीय तिनं. शब्द, अर्थ आणि व्याकरणसुद्धा! भूतकाळ म्हणजे तो सोडून गेला, भविष्यकाळ म्हणजे मी वाट बघीन. आणि वर्तमानकाळ? वर्तमानकाळात नुसतं रडायचं. त्या गाण्यांत भांडी कोण घासतं? कोणी नाही. पाच वर्षं दिवसभर हेच कानावर – मलासुद्धा चंद्र, अश्रू, काळीज सगळं कोरियनमधून येतं. कांद्याला काय म्हणतात विचारा – आईलाही येत नाही, लेकीलाही नाही.

हसू नका हो, भुवई वाकडी होईल. मागच्या आठवड्यात मुलाखतीला गेली. कारखान्यात दुभाषी हवीय, साहेब कोरियन. साहेबांनी विचारलं, यायला उशीर का झाला? आता बस चुकली एवढंच सांगायचं ना? पण बस कुठल्या गाण्यात असते? ही म्हणाली, ‘तुमच्यापर्यंत पोचायला मी हजार रात्री चालले असते.’ साहेबांना! घरी येऊन सांगताना लोळत होती हसून. मीही हसले – म्हटलं, सुटलो, आता कोण घेतंय हिला! दोन वर्षांचा करार, कंपनीच्याच खोलीत राहायचं, विमानानं जायचं – हिला? जिला स्वतःचे मोजे सापडत नाहीत?

घेतलं हो त्यांनी.

म्हणजे... तिला अजून माहीत नाही. आज दुपारी ही मेण आणायला बाजारात गेली, फोन इथंच, गाणी चालू. मधेच गाणं थांबलं आणि रिंग वाजली. बाईचा आवाज. आधी कोरियन, मग इंग्रजी. निवड झालीय, आज पाचच्या आत होकार कळवा, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. कोरियन मला अर्धं कळलं, इंग्रजी पुरतं कळलं. मग मी काय केलं? मी उत्तर दिलं. कोरियनमधून! ‘ती गेली. आता परत येणार नाही. तिला विसरून जा.’ – मला दुसरी वाक्यं येतात कुठं? रोज जे ऐकलं तेच तोंडात आलं. ती बाई मग हळूच म्हणाली, सॉरी. बहुतेक तिला वाटलं, पोरगी वारली.

हात का काढलात? धरा ना पापणी. असं काय बघताय? नंबर लिहून ठेवलाय, तिथं कॅलेंडरच्या कोपऱ्यात. एवढी काही वाईट नाही मी. लावते, लावते फोन – ही बाजू झाली की लावते. काय सांगायचं पण? की जिवंत आहे म्हणून? तुम्हाला सोपं वाटतं, ताई. तुमचं घर माणसांनी भरलेलं आहे. माझ्या घरी ही आणि ही तिची गाणी, बस. ‘काजिमा’ – म्हणजे जाऊ नकोस. दर तिसऱ्या गाण्यात असतो तो शब्द, झोपेतही म्हणेन मी. पण पोरीसमोर जीभ रेटत नाही. कोणत्या तोंडानं म्हणू? तिच्या वयाची असताना मीही निघाले होते – शिकायला, बाहेर – तेव्हा माझी आई रडली आणि मी थांबले. आजवर तिला बोल लावते त्याचा. मी निदान रडले तरी नाही.

थांबा, दोन केस राहिलेत. आता वर बघा. झालं. आरसा घ्या. छान दिसतंय की! ...काय? घड्याळ? असू द्या, ते पुढे असतं जरा. किती, सात मिनिटं? म्हणजे पाच वाजून... हं. गेलं मग. बोलता बोलता वेळ कसा जातो, नाही?

—आलीस? दमलीस गं. ठेव ती पिशवी खाली. फोन? नाही बाई. कोणाचाच नाही. करतील की, एवढी काय घाई त्यांना!

ताई, तुम्ही निघा आता. पैसे राहू द्या. निघा म्हटलं ना.