फिल्ममधला ताईत

घ्या ना डॉक्टर, चहाबरोबर खोबऱ्याची वडी आहे, मुरुडच्या आमच्या वाडीतल्या नारळाची. मला नको, माझा उपास — कशाचा काय, तुमच्या परीक्षेचा. हसताय? आत तुम्हाला छातीच्या फिल्म दाखवून बघतायत ना, कुणाला कॅन्सर ओळखता येतो नि कुणाला नाही? त्या गठ्ठ्यात एक माझी आहे, दोन वर्षांपूर्वीची. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी मला विचारून, नाव पुसून ठेवलीय. सातवी शिकलेली बाई मी, नि डॉक्टरांच्या पेपरात प्रश्न होऊन बसलेय — आमचे हे गावभर सांगत फिरतात.

तेव्हा शिबिरातल्या डॉक्टरांनी ती बघून 'काही नाही' लिहिलं. पुढे गाठ हाताला लागली, ऑपरेशन झालं, आता मी ठणठणीत. त्यांना कशाला बोल लावू — आमची देवीच हौशी. सिस्टर म्हणाली सगळं उतरवा, पण माझा लेक प्रज्योत बोटीवरून सुखरूप घरी येईपर्यंत गळ्यातला देवीचा ताईत काढायचा नाही, असा नवस. मागे पाठीवर सारला, तर सरकून आला पुढे, फोटोत. लखलखीत चांदीचा. मग काय, बघणाऱ्याची नजर ताईतावर जाते नि तिथेच अडकते, आणि गाठ बिचारी वर काखेजवळ — अगंबाई. हे सांगायचं नव्हतं.

आणि सगळ्यांनाच गाठ म्हणणाराही नापास, बरं का. शेजारच्या सोनाबाईला असंच उगाच परत बोलावलेलं. निकाल येईपर्यंत तिने देव पाण्यात घातले, सुनेशी धरलेला अबोला सोडला. काही नाही निघाल्यावर परत धरला.

आज माझ्या धाकट्या जावेची, कल्पिताची फिल्म काढतायत — ती बघा, रांगेत, पदराशी चाळा करतेय. तुमच्यातले पास होतील तेच तिची बघणार, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून उपास. देवीला म्हटलं, ज्याला दिसतं त्यालाच पास कर, बाकी कुणाची भीड धरू नको —

वडी खाली का ठेवलीत?

चहाच्या आधीच येऊन गेली का, ताईतवाली फिल्म?

नको. काय लिहिलंत ते मला सांगू नका.

हात पुसा, तूप लागलंय. चष्माही पुसा. बोलावतायत बघा, जा आत. माझी होऊन गेली. बाकीच्या बायका अजून आहेत गठ्ठ्यात.