बेचाळीस पिढ्या आणि सिंधूचं पोर

केवळाबाई : आन् उद्या तूच उभा राहून ती नावं वाचणार?

भुजंग : वाचणारच, माय. नाताळाआधीच्या रविवारी वंशावळ वाचायचा मान मंडळीच्या वडिलाचा असतो, आन् औंदा वडील म्हणून मला निवडलंय. अब्राहामापासून येशूपर्यंत बेचाळीस पिढ्या. एक नाव चुकत न्हाई माझं.

केवळाबाई : आन् त्याच देवळात बहिणीच्या लेकराचा बाप्तिस्मा, तर मामा हात आखडून बसणार!

भुजंग : पाळकसाहेब विचारतील, पोराला धरणारा गडी कोन? कोनाचा म्हणून लिहू? काय सांगू? रोजगार हमीच्या खडीवर सापडला म्हणू? सिंधू बापाचं नाव सांगून नाही राहिली.

केवळाबाई : तो मेला पळून गेला, नाव तिनं गिळलं. आता तिचा गळा दाबू का?

भुजंग : ते पोर माझ्या हातात येणार न्हाई, बस. लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत लागलोय मी. चार लोक भुजंगराव म्हणतात.

केवळाबाई : जिल्हा नवा, आड तोच कोरडा. आन् म्हणं राव!

नरसिंग : (दाराबाहेरून) धनी, भांडण सरलं की हाक मारा. तवर मी सावलीला हाय.

भुजंग : ह्या कुळी सांगत हिंडणाऱ्या डक्कलवाराला कोनी बोलावलं?

केवळाबाई : मी. बिलोलीहून चालत आलाय. तुझ्या खापरपणज्यापासूनची आपली कुळी त्याच्या तोंडात हाय. तुझ्या देवळात न्हाई तर न्हाई, कुठं तरी लेकराचं नाव राहील.

भुजंग : तीन पिढ्या झाल्या ख्रिस्ती होऊन! आपली कुळी आता अब्राहामापासून.

नरसिंग : असू द्या की. पर ते अब्राहामबाबा कधी तुमच्या दारी भाकर मागाय आले का? मी येतो.

भुजंग : थट्टा करतो का?

नरसिंग : दुष्काळात तेवढीच स्वस्त हाय, धनी. पर माईला मी आधीच सांगितलंय, आमची बी रीत हाय. घरच्या गड्यानं उंबऱ्यात उभं राहून ‘ह्यो माझा’ म्हणलं, तरच नाव कुळीत चढतं.

केवळाबाई : ऐकलंस? दोन्ही दारं तुझ्याच तोंडाशी येऊन बंद.

भुजंग : राहू दे बंद!

केवळाबाई : बरं. मग उद्याचं तरी ऐकव. नुसता शेवट.

भुजंग : मत्तानाला याकोब झाला. याकोबाला योसेफ झाला. योसेफ मरीयेचा नवरा, आन् मरीयेच्या पोटी येशू.

केवळाबाई : थांब. वरपासून ह्याला त्यो झाला, त्याला त्यो झाला करत आलास. योसेफाला कोन झालं?

भुजंग : माय, ते पवित्र आत्म्यानं...

केवळाबाई : मला शिकवू नको, तुझ्या आधी पाणी पडलंय माझ्या डोक्यावर. त्याला झाला न्हाई, तर मग पिढ्या कोनाच्या मोजल्या? मरीयेच्या बापाच्या?

भुजंग : योसेफाच्या.

केवळाबाई : कामून?

भुजंग : ...त्यानं घरात घेतलं. लेकराचं नाव ठेवलं.

केवळाबाई : त्याला बी चार लोक असतीलच की! ते काय हसले नसतील? आन् तू मेल्या, दर साली मोजतोस. अडत्यानं पोती मोजावीत तशी नावं मोजतोस! आत काय हाय, एकदा तरी हात घालून बघितलंस?

भुजंग : सिंधू मरीया न्हाई, माय!

केवळाबाई : न्हाईच. मी कुठं म्हणलं? मी योसेफाचं विचारून राहिले.

नरसिंग : धनी, ऊन चढलं. मला मुरुड गाठायचंय.

भुजंग : सिंधे! ए सिंधे! आत मुसमुसत काय बसलीस? आण त्याला हिकडं. असं न्हाई, मान धर त्याची. मान धर! दे.

नरसिंग : कोनाचा म्हणून लावू, धनी?

भुजंग : उंबऱ्यातच उभा हाय न मी? दिसत न्हाई?

नरसिंग : दिसतंय. पर मला ऐकावं लागतं.

भुजंग : हळू बोल. निजलाय ह्यो माझा.