पाचूबेटावरची हजेरी

आणि वर मलाच म्हणतात, "मावशी, तुम्ही सहलीचा विचका केलात!" मी केला? मी? अहो, मला त्या बेटावर नेलं होतं तांदळाच्या भाकऱ्या थापायला आणि सरंग्याचं कालवण करायला. ना मी दोऱ्या बांधल्या, ना मी शिट्ट्या फुंकल्या, ना मी कुणाला चिखलात लोळवलं. मी एकच गोष्ट सांगितली होती, निघताना, बंदरावर, चारचौघांत, मोठ्यानं : पल्याड गेल्यावर नाव घेऊन कुणाला हाक मारू नका. बास! एवढंच म्हणणं होतं माझं!

पण ऐकतो कोण? माझा भाचा ऐकणार? कमलाकांत त्याचं नाव. माझी बहीण मंजुळा काविळीनं गेली तेव्हा हा माझ्या एका मांडीत मावायचा. मी वाढवला. मनोरच्या बाजारात सुके बोंबील विकून वाढवला, आणि ज्या वर्तमानपत्राच्या कागदात बोंबील बांधायचे तेच कागद वाचून वाचून मी स्वतः अक्षर शिकले, शाळेची पायरी न चढता, त्यामुळे माझ्यापुढे कुणी शिकलेपणाचा टेंभा मिरवू नये... कुठे होते मी? हां, कमलाकांत! तर हा कुठल्याशा डोंगरात दोरीला लोंबकळायचं शिबिर करून आला आणि म्हणाला, "मावशी, मी आता साहस-सहली काढणार. बोईसरच्या कंपन्यांतली माणसं आठवडाभर धूर खातात, त्यांना रविवारी निसर्ग हवा असतो." मी म्हटलं, काढ. माथेरानला काढ, महाबळेश्वरला काढ. तर म्हणतो, "आपल्या खाडीतल्या बेटावर!"

तुम्हाला सांगते, माझ्या हातातली कोयती तिथेच थांबली.

आमच्या केळव्याच्या खाडीच्या तोंडाशी ते बेट आहे. बेट म्हणजे काय, तिवरांचं रान, चार वाकडे माड आणि मांडीएवढा चिखल. त्याला नाव नाही. म्हणजे आम्ही विसरलो असं नाही हो, ठेवलंच नाही! आमची माणसं नुसतं 'पल्याड' म्हणतात. आणि पल्याड असेतोवर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. ओ तांडेल म्हणा, अरे ए टकल्या म्हणा, आईबापांचा उद्धार करा, सगळं चालतं. नाव नाही. का? तर तिथे जे आहे, त्याला स्वतःचं नाव नाही. हाक मारल्याबरोबर ज्याचा तो बोलला तर ते गप्प बसतं. पण हाक रिकामी गेली, ओ द्यायला माणूसच नसला, की ते नाव ते उचलतं. ओ देतं! आता देईना का बापडं, आपलं काय जातं? पण ओ आली की माणूस शोधायला जातो. चिखलात. आणि भरती काय कुणासाठी थांबते? माझ्या आज्याच्या वेळी असे दोघं गेले, एक शोधणारा आणि दुसरा त्याला शोधणारा. आणि उचललेलं नाव घेऊन ते मग काठाकाठानं हाका मारत फिरतं, खरा मालक कोण म्हणून. ओ दिलीत की तुम्ही तिकडे!

हे सगळं मी कमलाकांतला लहानपणी भरवताना सांगितलेलं. घास गिळला, गोष्ट थुंकली! उलट त्यानं बेटाला नाव ठेवलं. पाचूबेट! पालघर स्टेशनात पाटी लावली, 'चला पाचूबेटावर, थरार अनुभवा.' थरार! अरे, थरार काय पाटी लावून बोलवायचा असतो?

आली माणसं. टीव्हीवरची रविवारची मालिका बुडवून आली. एक एकनाथसाहेब, कुठल्याशा कारखान्यातले इंजिनिअर, गळ्यात दुर्बीण, जन्मात गप्प न बसलेला माणूस. एक बॉयलरवर काम करणारा भय्या, त्यानं येतानाच विचारलं, "माताजी, वहाँ शेर है क्या?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, शेराला निदान नाव असतं." बाकी कॉलनीतल्या बायाबापड्या. आणि वत्सलाबाई. ह्या वत्सलाबाई नीट ध्यानात ठेवा. गोऱ्या, नाजूक, बोलायला मध. बंदरावर कमलाकांतनं सगळ्यांना लाल रुमाल बांधले, प्रत्येकाचं नाव विचारलं आणि तिथल्या तिथे पाठ केलं. हुशार आहेच तो, मीच वाढवलाय.

होडी दामू तांडेलाची. होडी सुटता सुटता वत्सलाबाईंनी पाण्याकडे बघितलं, मग दामूकडे बघितलं, मग दामूच्या फळीतून आत येणाऱ्या पाण्याकडे बघितलं, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "मावशी, मला नाही हो जमायचं हे. मी आपली घरी जाते." आणि उतरल्या की! चपला हातात, साडी गुडघ्यावर, मागच्या बाजूनं पाण्यातून सरळ काठाला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि हा पुढे उभा राहून भाषण ठोकतोय, "मित्रहो, साहस म्हणजे..." मी म्हटलं, "अरे, ती बाई..." तर म्हणतो, "मावशी, नंतर!" नंतर! ठीक आहे, नंतर.

पल्याड लागलो. दामू म्हणाला, "मी होडी सोडून खाली उतरायचा नाय. आन तुमी बी जास्त येळ नका लावू. भरती आज जोराची हाय." मी दगड मांडले, चूल पेटवली. आणि यांचं साहस सुरू झालं. दोन माडांना दोरी, दोरीला माणूस, खाली चिखल. एकनाथसाहेब मध्यावर जाऊन उलटे झाले, वटवाघळासारखे, आणि तसेच उलटे टांगून भरतीचं शास्त्र समजावायला लागले! हसून हसून माझी भाकरी करपली.

आणि मग... काय झालं सांगू? माझ्या चुलीभोवती चिंबोऱ्या फिरत होत्या, खूप, कालवणाच्या वासानं आलेल्या. त्या सगळ्या एकदम बिळात गेल्या. एकीमागून एक नाही हो, एकदम! जशी कुणी आज्ञा केली. तिवरांतले बगळे उडाले, पण पंखांचा आवाज नाही. वारा समुद्राकडून, आणि माझ्या चुलीचा धूर चालला समुद्राकडे. मी कालवणातला डाव तसाच धरून बसले. मला कळलं. इथं आता कुणी तरी कान देऊन ऐकतंय.

आणि नेमका तेव्हाच ह्या शहाण्यानं शिट्टी फुंकली. फुर्रर्र! "मित्रहो, परत निघायच्या आधी हजेरी!" मी ओरडले, "अरे, नावं नको! माणसं मोज, नाही तर रुमाल मोज!" एवढंच म्हणणं होतं माझं! तोवर हा सुटला. "एकनाथसाहेब!" "हजर!" बॉयलरवाल्याचं नाव, "हाजिर!" ह्यांचं, त्यांचं, सगळे पटापट बोलले, मला वाटलं निभावलं. आणि मग म्हणाला, "वत्सलाबाई!"

गप्प.

"वत्सलाबाई!"

आणि तिवरांतून आलं, "ओ...!"

इतकं गोड, तुम्हाला सांगते, इतकं गोड! जशी शेजारीण मागच्या दारातून ओ देते. मी म्हटलं, "ती बाई आलीच नाही! बंदरावरच उतरली! मी बघितलंय!" एकनाथसाहेब म्हणाले, "मावशी, घाबरू नका, हा प्रतिध्वनी." मी म्हटलं, "साहेब, प्रतिध्वनी म्हणजे आपलं बोलणं आपल्याला परत, हे मीही कागदात वाचलंय. मारा हाक!" त्यांनी मारली, "वत्सलाबाई!" आणि रानातून आलं, "ओ, आले हं...!"

प्रतिध्वनीला येता येतं का हो? मी आपली विचारते. साहेब जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

पण कमलाकांत! "मावशी, तू चुलीशी होतीस, तुला दिसलं नसेल, बाई रानात अडकलीय, पाणी चढतंय. माझ्या भरवशावर आणलीयत मी ही माणसं." आणि घुसला तिवरांत! वाईट नाही हो मुलगा. वाईट असता तर बसला असता होडीत. चांगला आहे म्हणून तर माझं काळीज तुटलं. मी लुगड्याचा काष्टा खोचला आणि निघाले मागे. दामू होडीतून ओरडतोय, "म्हातारे, पानी चढाय लागलं हाय! फिर मागं!" फिरते कशी? मंजुळेला वर जाऊन काय सांगू, की तुझ्या लेकाला मी बोंबील विकून वाढवला आणि चिखलाला दिला?

आता माझी पंचाईत बघा. तो पुढे, मी मागे, मध्ये तिवरांची जाळी. नावानं हाक मारावी, तर त्याचं लक्ष सगळं त्या आवाजाकडे. नाही बोलला चटकन, तर नाव रिकामं! म्हणून मी ओरडतेय, "अरे ए गाढवा! अरे मुडद्या!" आणि हा वळतच नाही. गाढवा म्हटलं की तो वळत नाही, सवय आहे त्याला. आणि तो ओरडतोय, "वत्सलाबाई, आहात तिथेच थांबा!" आणि ते म्हणतंय, "आले हं...!" दर वेळी थोडं आणखी आत. दर वेळी थोडं आणखी गोड. आले आले म्हणणारी बाई लांब लांब कशी जाते, एवढंही ह्या डोंगर चढणाऱ्याला कळू नये? पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. मग मांडीला. पाणी थंड नव्हतं, कोमट होतं, कुणी हातात धरून ठेवल्यासारखं.

गाठला एकदाचा. सदरा धरला मागून. म्हणतो, "सोड मावशी! तिथे माणूस बुडतंय!" डोळ्यांत पाणी त्याच्या. आता ह्याला काय पटवू? कशानं पटवू? माझ्यापाशी द्यायला होतं काय? एकच वस्तू होती. मी म्हटलं, "हलू नकोस. माझ्या तोंडाकडे बघ. आणि ऐक."

आणि मी हाक मारली. स्वतःलाच. "नलू...! ए नलू...!"

नलू माझं नाव. तुम्हाला ठाऊक नसेल. कुणालाच नसतं. गाव मला मावशी म्हणतं, बाजारात म्हातारी म्हणतात, नवरा होता तोवर 'अगं' म्हणायचा. शेवटचं नलू म्हटलं ते मंजुळेनं, जायच्या दिवशी. त्यानंतर माझ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. ओठ दातांत धरले. तोंडातून ओ बाहेर यायला धडपडत होती हो, आपलं नाव आहे शेवटी! पण नाही दिली. हाक रिकामी सोडली.

थोडा वेळ नुसतं पाणी वाजत होतं. आणि मग आमच्या डाव्या हाताला, अगदी जवळ, तिवरांच्या मागून...

"ओ...! आले हं!"

माझाच आवाज. आजचा हा फुटका नाही. परकरातल्या पोरीचा. मी स्वतः विसरले होते तो.

कमलाकांतनं माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं, रानाकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "मावशी... तू... तू तर इथे आहेस."

"मग काय तिथे असेन? पळ मेल्या!"

तुम्हाला सांगते, डोंगरावर शिकलेलं सगळं त्यानं त्या चिखलात वापरलं. मला खांद्यावर टाकून पळाला! होडीत पडलो, दामूनं मागं न बघता वल्ही मारली. बॉयलरवाला सगळी वाट डोळे मिटून हात जोडून बसला होता. बंदरावर बघतो तर काय, वत्सलाबाई! चहा पितायत टपरीवर! म्हणतात, "आलात? कशी झाली सहल?" आणि तेव्हा कॉलनीतल्या एका बाईला आठवलं, "पण जेवण? सरंग्याचं कालवण?" पातेलं तिथेच राहिलं होतं, भरलेलं, चुलीवर. त्यावरून मला म्हणतात, सहलीचा विचका केलात! जीव वाचले त्याचं काही नाही, कालवण गेलं!

सहली बंद झाल्या. कमलाकांत आता बोईसरला नोकरीला आहे, सकाळी जातो, संध्याकाळी येतो, जिना चढायचा झाला तरी कठडा धरून. वत्सलाबाईंच्या नवऱ्यानं बदली घेतली नागपूरला. तिथे खाडी नाही, बरं झालं. आणि ते पातेलं दोन दिवसांनी ओहोटीला आमच्या दारासमोर लागलं. रिकामं. राखेनं घासलेलं, लख्ख. माझ्या सुनेला, कमलाकांतच्या बायकोला, उभ्या जन्मात तसं घासता येणार नाही.

आणि तेव्हापासून... आता हे मी कमलाकांतला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. दुपारची मी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटत असते. पाणी उतरायला लागतं. आणि खाडीकडून येतं, "नलू...! ए नलू...!" आमची मंजुळा मारायची तस्सं. मी मान वर करत नाही. ओठ दातांत धरते, बोंबील उलटते. मी ओ देणार नाही. खमकी आहे मी. बोलवू दे किती बोलवायचं ते. ह्या वयात मला नावानं ओळखणारं गावात ते एवढं एकच उरलंय, तर उरू दे. मी इकडची, ते तिकडचं, एवढंच म्हणणं आहे माझं.

पण परवा दोन दिवस हाक आली नाही हो. बोंबील उलटून झाले, पाणी उतरून परत चढलं, आवाज नाही. जेवण गोड लागेना मला. शेवटी उठले, लुगडं खोचलं, आणि गेले काठापर्यंत... मेलं बरं आहे ना, म्हणून बघायला!