मोठे सर बादलीवर बसले त्याची गोष्ट

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, तुम्हाला सांगते, आणि सभा साडेपाचला! मोठ्या माणसांनी वेळेआधी येऊ नये, असं कुणीतरी छापून लावायला पाहिजे... माझ्या एका हातात बाळाची लंगोटी, दुसऱ्यात पावडरचा डबा, आणि दारात मोठे सर. चर्चच्या मंडळ्या कशा वाढतात यावर अकरा पुस्तकं लिहिलेले, हात वर करून प्रार्थनेला लागले की अख्खं सभागृह उभं करणारे. माझ्या एका खोलीत. आणि मी सातवी शिकलेली!

आले कशाला, तर मला बघायला. सरांची शिकवण अशी, की घरसभेत बारा माणसं झाली की एकीच्या दोन करा, नाहीतर माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात आणि दाराकडे बघायचं विसरतात. आमची झाली पंधरा. नवी सभा चालवायला बायकांनी माझं नाव सुचवलं. पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, शिक्षण कमी पडतं, बँकेतल्या बाईंना देऊ. शेवटी ठरलं, सरच बघतील. आठ दिवस मला घास गोड लागेना, त्यात बाळाला खोकला, आणि सासूबाईंचा सल्ला काय, तर तोंड उघडू नकोस म्हणजे निभावेल.

खोली भरली. पाच खुर्च्या, चारांवर माणसं, बाकीचे चटईवर. सर निघाले पाचवीकडे... आणि माझं तोंड उघडलं.

"सर, तिथं नका बसू. ती अजून न आलेल्या माणसाची आहे."

अहो, शिकवण त्यांचीच ना? एक खुर्ची रिकामी ठेवा, म्हणजे कोण यायचं राहिलंय ते डोळ्यांना दिसतं. तरुणपणी सर वही घेऊन दारोदार हिंडले, नव्या माणसाला एकच विचारायचे, तुला आणलं कुणी? मला सगळं पाठ. पण म्हणून त्यांनाच अडवायचं? पाळकसाहेब लालबुंद. सासूबाईंनी डोळे मिटले, प्रार्थनेसाठी नव्हे.

सरांनी गुपचूप बाळाच्या आंघोळीची बादली उपडी केली आणि बसले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस!

मग आमची प्रार्थना... ती काय हळू होते? खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली तरातरा वर आली भांडायला. माझं मशीन मलाच ऐकू येईना, म्हणाली. मी घाबरून खुर्ची पुढे केली. बसली. आणि उठेचना!

सरांनी हळूच विचारलं, "तुम्हाला इथं आणलं कुणी?"

"हिच्या आवाजानं," तिनं माझ्याकडे बोट केलं.

दीड तासानं सर गुडघे धरून उठले आणि पाळकसाहेबांना म्हणाले, "सभा हिच्याकडेच द्या. मला तिथं बसू न देणारी पन्नास वर्षांत ही पहिलीच."

मी सातवी शिकलेली, बरं का!

आता सर जातील तिथं ही गोष्ट सांगतात, आणि लोक खुर्ची बघायला येतात. सासूबाईंनी बादली पुसून माळ्यावर ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाहीत. बाळाची आंघोळ पातेल्यात. तेव्हा एवढा निरोप पुढे पोचवा : जरूर या, पण बसायला आपापलं आणा. आणि जमलं तर एक बादली.