यजमानांनी न ओळखलेली रायफल

दि. १० जानेवारी १९९८

सगळ्यात आधी दारात आली ती नात हेमांगी, धापा टाकत, आजोबांना पोलीस ठाण्यातच बसवून. मी जबाब तिथूनच सुरू केला तर हवालदार म्हणाले, "आजी, आधी नाव." तर नाव बायजा. यजमानांचं नाव मी घेत नाही, ते नातीने सांगितलं, हरेश्वर घरत. माझं वय अडुसष्ट धरा. धंदा भातशेती व घरकाम, शिक्षण दुसरी, राहणार चंदनसार, विरार पूर्व, ता. वसई, जि. ठाणे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, यजमानांच्या नावे परवान्याची एक रायफल आहे. एकाहत्तर साली त्यांनी ती जंगलच्या ठेकेदाराकडून जुनीच घेतली, भातातली डुकरं हाकायला. डुकरं किती मेली ते विचारू नका, आवाजानेच पळायची. चार वर्षं झाली, यजमानांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. तरी रोज संध्याकाळी रिकामी रायफल मांडीवर घेऊन पुसत बसतात. दस्त्याचं पॉलिश कधीच उडालेलं, लाकूड चुलीतल्या ढलपीसारखं झालेलं. दिवाळीत त्यांच्या तळव्यात कुसळ घुसलं, ते मी सुईने काढलं. तेव्हाच दस्ता नीट करायचं मनात घेतलं.

नाताळ झाल्यावर यजमान नऊ दिवस नायगावला लेकीकडे राहिले. आगाशीचा पास्कल चर्चमधली बाकं पॉलिश करतो, त्याला घरी बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, फादरला कळलं तर आधी मला कन्फेशनला बसवेल." पण बसला. पहिल्या दिवशी काचकागदाने घासून जुना मळ काढला. दस्त्याला डाव्या अंगाला एक खळगा होता, त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, तर वाफेने लाकूड भाकरीसारखं फुगून वर आलं! मी टाळ्या वाजवल्या. मग जवसाचं तेल, मग पॉलिश. पॉलिश मी स्वतः केलं, कापसाचा बोळा गोल गोल फिरवत, पातळ, सुकू द्यायचं, पुन्हा पातळ. दुपारी पडवीत ऊन यायचं आणि लाकडातून रेषा वर यायच्या, ओहोटीला खाडीचं पाणी मागे सरताना चिखलावर उठतात तशा. बघता बघता मी माहेरच्या होडीत जाऊन बसायची. यजमान वल्हं मारतायत, तरणे. दोनदा भात करपला. हे लिहायची गरज नाही असं हवालदार म्हणतात, पण झालं ते झालं.

नळीवरचा गंज मात्र मी चिंच आणि राखेने घासला. पास्कल नको म्हणाला होता. ती चूक माझी, त्याची नाही.

मग निवडणूक लागली, हत्यार जमा करा असा कागद आला. आज सकाळी नातीसोबत यजमान रायफल जमा करायला आले. ते काल रात्रीच परतलेले, रायफल पिशवीत बांधलेली; मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं, इथून परतल्यावर सांगणार होते. पिशवीतून काढल्यावर हवालदारांनी नोंदवही पाहिली. नोंदीत दस्ता बिनपॉलिशचा, डावीकडे खळगा. समोरचा दस्ता आरशासारखा. नळीवरच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसेनात. त्यांनी विचारलं, "काका, ही तुमचीच ना?" यजमानांनी हात फिरवला, अंगठ्याने खळग्याची जागा शोधली आणि सांगून मोकळे झाले, "ही माझी नाय. माझी कुठं ठेवलीत?" ते खोटं बोलत नाहीत. आता मूळची रायफल गेली कुठे, म्हणून त्यांच्यावरच गुन्हा लागेल असं कळलं, तेव्हा मी आले.

खळग्याबद्दल विचारलं म्हणून सांगते की, तो माझ्यामुळे पडला होता. रायफल घेतली त्याच वर्षी मी शेतावर जेवण घेऊन गेले आणि मागून हाक मारली. ते दचकले, रायफल खडकावर आपटली. बाकी त्याचं काही नाही.

इथल्या साहेबांच्या परवानगीने मी यजमानांचा अंगठा धरून त्या जागी ठेवला. त्यांनी ती जागा पुन्हा चाचपली. मग दस्ता गालाला लावला, वास घेतला. "तेल कसलं?" मी म्हटलं, "जवसाचं." ते म्हणाले, "माझीच हाय. पन बाय, खळगा कुठं टाकलास?" हवालदारांनी विचारलं, "खळग्याचं काय लिहू?" मी म्हटलं, "लिहा, बायकोने बुजवला."

नंबर वाचायला ठाणे शहरातून जाणकार येणार आहेत. तोवर रायफल इथेच, यजमान घरी. त्यांना घेऊन पास्कलची पॉलिशची बाटली, फडकी पाहायला घरीही येतो असं हवालदार म्हणालेत, गुरुवारी. मी म्हटलं त्या दिवशी किंक्रांत, करिदिन. तर म्हणाले सरकारला करिदिन नसतो. या म्हटलं, तिळगूळ असेलच.

हा जबाब नातीने मला मोठ्याने वाचून दाखवला, यजमानांनीही ऐकला, मी बोलले तसाच आहे. पॉलिशने बोट गुळगुळीत झाल्यामुळे अंगठ्याच्या रेषा उमटल्या नाहीत, म्हणून दुसऱ्या हाताचा दिला. येण्याचा वार गुरुवार, दि. १५.