बॉयलरची सीलबंद पेटी

दवाखान्यात हळू बोलावं, एवढीही अक्कल त्या मशीन कंपनीच्या एजंटाला, गोपीचंदला, नव्हती. आत राइस मिलच्या बॉयलरनं भाजलेली धुरपता कण्हत होती, मी नर्स म्हणून तिच्या उशाशी बसले होते, अन् हा ओसरीवर पान चघळत मिलच्या मशीन बघणाऱ्या ईश्वरशी वाद घालत होता.

“बॉयलर सांभाळणाऱ्या तुमच्या कम्प्युटरच्या पेटीत प्रोग्रामच चुकला हाय, गोपीचंदभाऊ. वाफ जास्त चढली तरी बॉयलर थांबत नाई. बरोबर प्रोग्राम मी कागदावर लिहून ठेवला.”

“ठेव लिहून. पेटी कंपनीची हाय. सील तोडता येत नाई.”

“म्हणूनच मालकाले म्हणत होतो, उघडी मशीन घ्या. तिच्यासंगं आतला सारा नकाशा देतात. कोणीही सुधारू शकते.”

“कोणीही? मंग आमची कंपनी काय विकणार?”

“उद्या बॉयलर पुन्हा पेटते, भाऊ. धुरपताच्या जागी तिची बहीण उभी राहणार हाय. आज तरी उघडू द्या.”

“तार केली ना मी! परवानगी येऊ दे.”

“केव्हा येईल?”

“मुंबईचं काम हाय बाबा. सायबाले वेळ भेटला पायजे.”

मग मात्र मी उठले अन् त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले.

“गोपीचंद, परवानगी येतवरी त्या पोरीच्या जागी तूच उभा राय.”