माझ्या ओठावर पिकलेली ज्वारी

...आणि वर म्हणतात काय, तर "ऊन खा लेका, ऊन!" अहो, ह्या दुष्काळानं खायला दुसरं ठेवलंय तरी काय? लातूर जिल्हा नवा झाला, पाट्या नव्या लागल्या, ऊन मात्र जुन्या जिल्ह्यातलंच आलं, जसंच्या तसं!

तुम्हाला सांगतो, मी बसवंत, मुरुडचा, अर्ध्यात कॉलेज सोडलेला. पाझर तलावाच्या कामावर दिवसभर खडी फोडतो आणि आठ दिवसांत ओठ फुटून येतो. ज्वारीच्या दाण्याएवढे फोड! यंदा रानात पिकली नाही ती सगळी माझ्या तोंडावर.

रेवणप्पा काका, आमचे चुलते, घरातले सर्वज्ञ. "अंगातली घाण हाय. ऊन खा, जळून जाईल."

जिल्ह्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, उलटं आहे. कातडीत राखणदार असतात, कडक उन्हानं ते गुंगतात. एक विषाणू ओठाच्या नसेत दबा धरून बसलेला असतो, राखणदार डुलायला लागले की तो निघाला बाहेर! सावलीत राहा, ओठ झाका. मी घरी येऊन काकांना सांगितलं...

"राखणदार? गावाला एक राखणदार मिळंना, अन् तुझ्या कातडीत पलटण?" आणि थाडकन कानाखाली! ह्या म्हाताऱ्यांचं शास्त्र तळहातात असतं.

एरवी सोसलं असतं हो, पण सोमवारी औशाहून गुरुपादप्पा येणार होते, मला बघायला. त्यांची लेक महानंदा... औशाच्या मोंढ्यात, भर धान्यबाजारात पाहिली होती, आडत्याची गचांडी धरून भांडत होती. तेव्हाच ठरवलं, करीन तर हिलाच. आणि नवरदेवाचं तोंड हे असं!

मग काय, शुक्रवारपासून तीन दुपारी मला माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, उताणा पाडला. मल्लिकार्जुन पायावर, सिद्धेश्वर हातावर, दोघंही सख्खे चुलतभाऊ, आणि काकांचा गुडघा छातीवर. "ऊन खा लेका, ऊन!" फोड ओठावरून नाकापर्यंत, नाकावरून हनुवटीपर्यंत... आणि काका खूश! "बघा, कशी घाण निघायलीय!" अरे, निघायलीय की यायलीय? विचारायचं कोणी? विचारलं की गुडघा आणखी खाली!

सोमवारी सकाळी दोघा भावांनी मला पुन्हा माळवदावर दाबला, आणि काका वर आले ते लाल तापलेला विळा घेऊन. "आता डागल्याबिगर न्हाई." विळा ओठाजवळ आला, तुम्हाला सांगतो, मी त्यांचा अंगठा चावला, हाडापर्यंत! त्यांनी विळ्याच्या मुठीनं माझं तोंड फोडलं. मी लाथ झाडली, तर मल्लिकार्जुन माळवदावरून खाली. एरवी कडब्याच्या गंजीवर पडला असता, यंदा गंज कुठली? सरळ जमिनीवर. हात मोडला.

आणि शिडीवरून नमस्काराचा आवाज, "शरणार्थ!"

गुरुपादप्पा! समोर रक्तानं माखलेला नवरदेव, विळा धरलेले काका, खाली बोंबलणारा मल्लिकार्जुन. मी म्हटलं, संपलं. गेली महानंदा.

ते वाकले, माझ्या ओठाकडं डोळे बारीक करून बघत राहिले. "उन्हानं हाय का?"

"हाव," मी म्हणालो. तोंडातून तेवढंच निघालं.

"आमच्या महानंदीला बी दर उन्हाळ्यात हेच. तीन दिस झाले, अंगणात उन्हात बांधून ठिवलीय. काल पाणी पाजाया हात सोडला, तर धोंडा हाणला मला." आणि टोपी काढून कपाळावरचं टेंगूळ दाखवलं, लिंबाएवढं!

काकांनी आपला रक्ताळलेला अंगठा पुढं केला. दोघांनी एकमेकांच्या जखमा निरखल्या आणि गळ्यात गळा! जोडा काय जमलाय म्हणे!

तिथंच मुहूर्त धरला. वैशाख, दुपारी साडेबारा. गुरुपादप्पा म्हणाले, "मांडव न्हाई बरं का. पाला सगळा जनावरांनी खाल्ला. उघड्यावरच उरकू." काका म्हणाले, "झ्याक! पोरांना ऊन बी लागंल!"

मला ओरडायचं होतं, सावली करा रे, मुडद्यांनो, तिच्यापुरती तरी सावली करा! पण ओठांवरचं रक्त वाळून ओठ चिकटलेले... नुसता हूं हूं करत राहिलो.

काका म्हणाले, "बघा, कसं लाजलंय लेकरू!"

...लाजलोय. आता काय करता!